वुलरचे कमळ: तीन दशकांनी परतलेल्या एका पिकाचे प्रकरण

काश्मीर खोऱ्याच्या उत्तर भागात, हरमुख पर्वताच्या पायथ्याशी पसरलेल्या वुलर सरोवरात जुलै 2025 मध्ये कमळे फुलली. एरवी ही बातमी होण्याजोगी गोष्ट नाही, कारण काश्मीरच्या अनेक तळ्यांत जुलै महिन्यात कमळे फुलतातच आणि श्रीनगरच्या दल सरोवरातील कमळे पाहायला तर दुरून माणसे येतात. वुलरमध्ये मात्र सप्टेंबर 1992 च्या पुरानंतर कमळ उगवलेच नव्हते. बंडीपोरा आणि बारामुल्ला या दोन जिल्ह्यांत या सरोवराच्या काठावर जी गावे आहेत, त्यांत पुरानंतर जन्मलेली माणसे मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. पण आपल्या सरोवरातले कमळ त्यांनी कधी पाहिले नव्हते. वडील-आजोबा पाण्यातून काय काढून आणत आणि त्यावर घर कसे चालत असे, हे त्यांनी केवळ ऐकले होते.

कमळ का गेले, इतकी वर्षे का आले नाही आणि आता कशामुळे आले, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात आणि ती जागा पाण्याच्या तळाशी आहे. म्हणून हे प्रकरण फुलाचे असले तरी त्याचा मुख्य विषय गाळ हाच आहे. तो गाळ कोठून आला, कोणत्या निर्णयांमुळे साचला आणि कोणी उपसला, हे नीट पाहिल्याशिवाय वुलरचे स्थानिक महत्त्व काय, हे समजत नाही, असे माझे मत आहे.

चिखलातले पीक

काश्मिरीत कमळाला पंपोश म्हणतात. हे फूल तिथे सुंदर मानले जाते. पण ज्याच्यासाठी माणूस कडाक्याच्या थंडीत पाण्यावर जातो ते फूल नव्हे, चिखलात आडवा वाढणारा त्याचा कंद होय. त्याला तिथे नद्रू म्हणतात. आपल्याकडच्या भाजीबाजारात क्वचित दिसणारी कमळकाकडी ती हीच. तिला बोलण्यात देठ म्हटले जात असले तरी वनस्पतीच्या दृष्टीने ते खोडच असते, पाण्याखाली चिखलात रुतून राहिलेले. ते आडवे कापले की गोल चकतीवर भोकांची नक्षी दिसते. या भोकांच्या नळ्यांमधूनच पानाने वर घेतलेली हवा चिखलातल्या कंदापर्यंत पोहोचते. कंद कापण्याऐवजी मोडला तर दोन तुकड्यांच्या मध्ये कोळ्याच्या धाग्यासारखे बारीक तंतू ताणले जातात आणि हातातले तुकडे लांब नेले तरी बराच वेळ तुटत नाहीत. संस्कृत कवींनी ज्याला बिसतंतू म्हटले, तो हाच.

नद्रूचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो. तोवर पाने सुकून पाण्यात पडलेली असतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. नावाडी नावेच्या टोकाशी उभा राहतो, टोकाला लोखंडी आकडी बसवलेला लांब बांबू तळातल्या चिखलात रोवतो आणि हाताला लागणाऱ्या अडथळ्यावरून खाली दगड आहे, मूळ आहे की कंद आहे हे ओळखतो. कंद लागला की बांबूला पीळ देऊन तो तोडायचा आणि अलगद वर घ्यायचा. जोर जास्त झाला तर कंद मधेच मोडतो, त्याच्या नळ्यांत चिखल शिरतो आणि त्याची किंमत पडते. हे कसब पुस्तकातून येत नाही, बापाच्या नावेत बसूनच येते. तीस वर्षे पीक नसेल तर हे कसब असणारी पिढी म्हातारी होते आणि पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागते. वुलरच्या काठावर नेमके हेच झाले.

काढलेले कंद धुऊन त्यांच्या जुड्या बांधतात. दह्याच्या रश्श्यात बडीशेप आणि सुका पुदिना घालून केलेली नद्रूची यखनी काश्मिरी पंडितांच्या घरी होते, तशी मुसलमानांच्या घरीही होते. तांदळाच्या पिठात बुडवून तळलेले नद्रूचे काप, ज्यांना नद्रू मोंजे म्हणतात, ते रस्त्याकडेच्या गाड्यांवर गरमगरम मिळतात. वुलरचे नद्रू बंद झाले तेव्हा ते खाणाऱ्यांचे फारसे अडले नाही, कारण दल, अंचार आणि मानसबल या सरोवरांतून ते येतच राहिले. अडले ते काढणाऱ्यांचे.

या काढणाऱ्यांना हांजी म्हणतात. मासेमारी, नावा वल्हवणे आणि पाण्यातल्या वनस्पती गोळा करणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. काश्मीर खोऱ्यातील एकूण मासळीपैकी सुमारे 60 टक्के मासळी एकट्या वुलरमधून येते, असे मत्स्यव्यवसायाबद्दलच्या लेखनात वारंवार नोंदवलेले आढळते. मासळीखालोखाल महत्त्वाचा आहे शिंगाडा. आपल्याकडे शिंगाड्याचे पीठ उपवासापुरते घरात येते. वुलरकाठी ते एके काळी गरिबाचे रोजचे अन्न होते. शिंगाडे गोळा करून वाळवतात, टरफले फोडून आतला गर दळतात आणि काटेरी टरफलेही टाकून देत नाहीत. हिवाळ्यात फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत धरण्याच्या कांगडीत, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीत, ती जळणाला वापरतात. एकाच फळाने पोट भरावे आणि त्याच्याच सालीने अंग शेकावे, अशी ही व्यवस्था आहे. कमळ गेल्यावर काठावरची कुटुंबे तगली ती मासळी आणि शिंगाडा यांवर; पण उत्पन्नाचे तीन आधार होते त्यांतला एक निखळला, आणि तोही हिवाळ्यातला, म्हणजे जेव्हा दुसरे काम मिळणे सर्वांत कठीण असते तेव्हाचा.

नदी जिथे मंदावते

वुलर हे एखाद्या खोलगट दरीत पावसाचे पाणी साठून झालेले तळे नाही. झेलम नदी, जिचे जुने नाव वितस्ता, दक्षिण काश्मीरमध्ये वेरीनागला उगम पावून अनंतनाग आणि श्रीनगर ओलांडत बण्यारीजवळ या सरोवरात शिरते आणि दुसऱ्या बाजूने सोपोरकडे बाहेर पडते. पुढे बारामुल्लापाशी डोंगर जवळ येतात आणि नदीला अरुंद खिंडीतून वाट काढावी लागते. संपूर्ण खोरे सपाट, उतार नाममात्र आणि बाहेर पडण्याची वाट चिंचोळी. अशा रचनेत पूर आला की जास्तीचे पाणी सामावून घेणारी जागा एकच, ती म्हणजे वुलर. वसंतात बर्फ वितळू लागले की सरोवर फुगते आणि शरदात आक्रसते. म्हणूनच त्याच्या क्षेत्रफळाचे आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे दिसतात.

नदी मंदावली की तिने वाहून आणलेले सगळे खाली बसते. काश्मीरच्या डोंगरउतारांवरची करेवा नावाची माती मुळातच भुसभुशीत आहे, कारण ती प्राचीन काळी खोरे पाण्याखाली असताना साचलेली आहे. जंगल तुटले की ती पावसाबरोबर निघते. त्यात हरमुखच्या बाजूने उतरणारे एरिन आणि मधुमती हे नाले आपापला दगड-गोटा आणि माती आणून टाकतात. वुलरला गाळ येणे हा अपघात नाही. त्याच्या जागेचाच तो धर्म आहे. प्रश्न एवढाच असतो की गाळ किती वेगाने येतो आणि तो पुढे जाण्याची वाट मोकळी आहे की नाही.

हा प्रश्न किती जुना आहे हे कल्हणाच्या राजतरंगिणीवरून, म्हणजे बाराव्या शतकात लिहिलेल्या काश्मीरच्या राजांच्या इतिहासावरून, कळते. नवव्या शतकात, अवंतिवर्मा राजाच्या काळात, खोरे वारंवार बुडत असे आणि दुष्काळ पडत असे. तेव्हा सुय्य नावाच्या एका माणसाने हे काम हाती घेतले. त्याला जन्मदात्यांनी टाकून दिले होते आणि रस्ता झाडणाऱ्या सुय्या नावाच्या स्त्रीने त्याला वाढवले. तिच्याच नावावरून त्याचे नाव पडले. राजाच्या खजिन्यातून नाणी घेऊन त्याने ती बारामुल्लाकडच्या खिंडीजवळ, जिथे दरडींचे दगड नदीत अडकले होते, तिथे पाण्यात फेकली. उपाशी लोक नाण्यांसाठी पाण्यात उतरले आणि शोधता शोधता त्यांनी दगड उपसून काढले. मग सुय्याने दगडी बांध घालून वितस्ता सात दिवस अडवली, कोरड्या पात्राचा तळ साफ केला, वरून गडगडत येणारे दगड पुन्हा नदीत पडू नयेत म्हणून काठांवर भिंती बांधल्या आणि मग बांध काढला. पूर्वी सुकाळातही एक खारी (धान्याचे जुने माप) तांदळाला 200 दिनार पडत, ते या कामानंतर 36 दिनारांवर आले, असे कल्हण आश्चर्याने लिहितो. सुय्याच्या नावाने वसलेले सुय्यपूर म्हणजे आजचे सोपोर.

नाण्यांची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती रंजक आहे. मला त्या वर्णनातली भिंत अधिक महत्त्वाची वाटते. तळ साफ करणे हे अर्धेच काम आहे आणि वरून येणारे थांबवले नाही तर ते वाया जाते, हे त्या माणसाला अकराशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

सरोवराचे जुने नाव महापद्मसर. नीलमत पुराणातील कथेनुसार इथे चंद्रपूर नावाचे नगर होते. महापद्म नाग वृद्ध ब्राह्मणाच्या वेषात राजाकडे आला, कुटुंबाला राहण्यापुरती जागा मागितली आणि वचन मिळताच आपले खरे रूप दाखवून सगळे नगरच मागून घेतले. महापद्म म्हणजे मोठे कमळ. नाव नागाचे असले तरी ते ज्या पाण्याला पडले त्या पाण्यात कमळ नसावे, याची रुखरुख काश्मीरबाहेरच्या वाचकालाही वाटावी. वुलर हे आजचे नाव मात्र उल्लोल, म्हणजे उसळणारी लाट, या संस्कृत शब्दावरून आले असे अभ्यासक मानतात, आणि दुपारच्या वाऱ्यात या पाण्याचे रूप पाहिलेल्या नावाड्यांना ती व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. या लाटांत सापडलेल्या नावांना आसरा मिळावा म्हणून सुलतान झैनुल आबिदीन याने 1443-44 च्या सुमारास दगडांची भर घालून सरोवरात झैना लंक नावाचे बेट उभारले. खोल पाण्यातल्या वादळापासून वाचवण्यासाठी बांधलेले हे बेट आज गाळाने उथळ झालेल्या, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात उभे आहे.

वाळुंजाचे वन

वुलर आटले याचा दोष सर्वसाधारणपणे वाढत्या लोकसंख्येला आणि अतिक्रमणाला दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. 1911 च्या नकाशात सरोवराचे क्षेत्र सुमारे 158 चौरस किलोमीटर होते आणि 2007 मध्ये ते सुमारे 87 चौरस किलोमीटर उरले, म्हणजे 45 टक्क्यांनी घटले. त्यातील 28 टक्के भाग शेतीखाली गेला आणि 17 टक्के भागावर झाडे उभी राहिली. ही झाडे आपोआप आलेली नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारनेच सरोवराच्या उथळ कडेला विलोची लागवड सुरू केली. श्रीनगरसारख्या शहराला हिवाळ्यात जळण हवे होते आणि ओल्या जमिनीत विलोइतके झपाट्याने वाढणारे दुसरे झाड नव्हते. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज याच कुळातला, त्यामुळे पाण्याशी त्याचे किती जमते हे आपल्याला माहीत आहे. पुढे अनेक दशके ही लागवड वाढत गेली. पाणथळ जमीन पडीक समजली जात होती आणि पडीक जमिनीवर झाड लावणे पुण्याचे मानले जात होते, त्यामुळे यात काही चुकते आहे असे त्या काळी कोणाला वाटले नसावे.

झाडांनी मात्र आपले काम केले. दाट लावलेल्या खोडांमधून पुराचे पाणी शिरले की त्याचा वेग मरतो आणि त्यातला गाळ तिथेच बसतो. गाळ बसला की जमीन वर येते, जमीन वर आली की आणखी आत झाड लावता येते. अशा रीतीने काठ पाण्यात सरकत गेला. सुमारे 27 चौरस किलोमीटर क्षेत्र असे झाडांखाली गेले आणि झाडांची संख्या वीस लाखांच्या पुढे असल्याचा अंदाज नंतरच्या नियोजनात धरला गेला. 23 मार्च 1990 रोजी वुलर रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून घोषित झाले, तेव्हा त्याचा मोठा हिस्सा सरकारी नोंदींच्याच आधारे वन झालेला होता. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि तळ वर येतच राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी बराच काळ काही संबंध आला नाही.

पूर आणि त्यानंतरची वर्षे

सप्टेंबर 1992 च्या पुराने आणलेला गाळ अशा सरोवरात पडला. कमळाचे जीवन समजून घेतले की या घटनेचा अर्थ लागतो. कंद वर्षभर चिखलात असतो आणि वसंतात त्यातून निघणारा कोंब, साठवलेल्या अन्नाच्या जोरावर, पाणी भेदून पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. पान एकदा वर आले की हवा आणि ऊन दोन्ही मिळतात. कोंबाच्या वाटेत पाणी असेल तर तो देठ लांबवतो. पण त्याच्यावर गाळाचा जाड थर बसला तर साठवण संपण्याआधी वर येणे त्याला साधत नाही. एकदा असे झाले की कंद कुजतो. पुढच्या वर्षी फूल नाही, म्हणून बी नाही, म्हणून नवे रोप नाही.

गावकऱ्यांनी प्रयत्न सोडले नव्हते. अनेकांनी कमळाच्या बिया पाण्यात टाकून पाहिल्या, पण तळ तोच राहिल्यामुळे त्या रुजल्या नाहीत. त्याच काळात काश्मीरमधील हिंसाचार ऐन भरात होता आणि सरोवराच्या तळाकडे लक्ष देण्याची कोणाची परिस्थिती नव्हती. त्याखेरीज झेलममधून येणारे श्रीनगर आणि इतर वस्त्यांचे सांडपाणी पाण्यात मिसळत राहिले आणि परकीय पाणवनस्पतींचा फैलाव वाढला. या सगळ्याचा परिणाम केवळ सरोवरापुरता राहिला नाही. सप्टेंबर 2014 मध्ये झेलमला महापूर आला आणि श्रीनगरचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, तेव्हा पाणी सामावून घेण्याची वुलरची कमी झालेली क्षमता हे त्या आपत्तीच्या कारणांपैकी एक म्हणून अभ्यासकांनी पुढे मांडले. काठावरच्या हांजीला जे 1992 मध्ये कळले होते, ते राजधानीला बावीस वर्षांनी कळले.

उपसा

सरोवराच्या पुनरुज्जीवनाचा सर्वंकष आराखडा 2007 मध्ये तयार झाला आणि 2012 मध्ये वुलर संवर्धन व व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. आराखड्यात वाळुंजाची झाडे काढणे, गाळ उपसणे, हद्द आखणे, पाणलोट क्षेत्रात माती धरून ठेवणे आणि काठच्या लोकांच्या उपजीविकेकडे लक्ष देणे, हे सारे होते. कागदावर उद्देश चांगलेच होते. प्रत्यक्षात पैसा तुकड्या-तुकड्यांनी आला आणि कामही तसेच झाले. झाडे तोडण्यावरून वाद झाले. ज्यांची जळणाची आणि गुरांच्या पाल्याची गरज त्या झाडांवर भागत होती त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. झाडे वाचवणे म्हणजेच निसर्ग वाचवणे, ही समजूत तर आपल्याकडेही इतकी पक्की आहे की सरोवर वाचवण्यासाठी लाखो झाडे तोडावी लागतात, हे कोणाच्याही गळी उतरवणे सोपे नाही.

मोठ्या प्रमाणावर यंत्राने गाळ उपसण्याचे काम 2020 नंतर झाले. ज्या भागात गाळाने पाणी जवळपास संपवले होते, त्यापैकी सुमारे पाच चौरस किलोमीटर भाग पहिल्या टप्प्यात पुन्हा खोल करण्यात आला. कमळ लावणे हा या कामाचा हेतू नव्हता. पाणी साठवण्याची क्षमता वाढवणे हा होता. परंतु गाळाचा वरचा थर निघाला आणि काही काळाने त्या भागात कमळाची पाने दिसू लागली. ती दिसल्यावर प्राधिकरणाने बियाही टाकल्या, आणि 2025 च्या उन्हाळ्यात फुले आली.

खाली गाडले गेलेले काहीतरी जिवंत होते, असे प्राधिकरणाचे अधिकारी आणि गावकरी दोघेही म्हणतात आणि यात अशक्य असे काही नाही. कमळाच्या बीचे कवच इतके कठीण आणि घट्ट असते की पाणी आणि हवा आत शिरत नाहीत, आणि कवचाला चीर पडेपर्यंत बी निद्रिस्त राहते. ईशान्य चीनमधील एका आटलेल्या तळ्याच्या तळातून मिळालेले सुमारे 1300 वर्षांपूर्वीचे कमळाचे बी प्रयोगशाळेत रुजल्याची नोंद आहे. त्या मानाने तेहतीस वर्षे म्हणजे एक डुलकी. आजोबांच्या काळातले बी नातवाच्या काळात उगवले, ही वुलरकाठी अलंकारिक भाषा नसून अक्षरशः घडलेली गोष्ट असण्याचा मोठा संभव आहे.

किती पाणी, आणि कोणासाठी

इथपर्यंत प्रकरण सुखद आहे. यापुढे ते अवघड होते, कारण वुलरच्या पाण्याकडून प्रत्येकाला वेगळे काही हवे आहे आणि त्या मागण्या एकाच पातळीवर बसत नाहीत. पूर आवरणाऱ्याला वसंतापूर्वी सरोवर शक्य तितके रिकामे हवे. जलवाहतूक आणि वीज यांचा विचार करणाऱ्याला ते हिवाळ्यात भरलेले हवे. कमळाला उन्हाळ्याच्या आरंभी फार खोल नसलेले आणि एकाएकी न चढणारे पाणी हवे, तर मध्य आशियातून हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना उथळ दलदल हवी. नद्रू काढणाऱ्या माणसाला हिवाळ्यात बांबू तळाला टेकेल एवढेच पाणी हवे.

या मागण्यांपैकी सर्वांत मोठ्याने बोलली जाते ती तुलबुल प्रकल्पाची. सरोवराच्या मुखाशी 439 फूट लांबीचा दरवाज्यांचा बंधारा बांधून हिवाळ्यात सोपोर ते बारामुल्ला या पट्ट्यात नौकानयनाला पुरेसे पाणी राखावे, अशी ही योजना. काम 1984 मध्ये सुरू झाले आणि 1987 मध्ये थांबले, कारण 1960 च्या सिंधू जलवाटप करारानुसार झेलमच्या मुख्य प्रवाहावर अशी साठवण करता येत नाही, असा पाकिस्तानने आक्षेप घेतला. भारताचे म्हणणे असे की हे साठवण नव्हे, पाणी न वापरता केलेले नियमन आहे. एप्रिल 2025 मध्ये भारताने हा करार स्थगित केल्यावर प्रकल्प पुन्हा सुरू करण्याची मागणी जम्मू-काश्मीरच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे केली. त्याआधीच, 2018 मध्ये सुरू झालेल्या 330 मेगावॉटच्या किशनगंगा जलविद्युत प्रकल्पातून दुसऱ्या खोऱ्याचे पाणी बोगद्याने बंडीपोऱ्याकडे आणले जाऊन अखेर वुलरला मिळू लागले होते.

या सगळ्या चर्चेत दोन देश असतात, करार असतो, घनफूट आणि मेगावॉट असतात. सरोवराचा तळ क्वचितच असतो. तुलबुल योग्य की अयोग्य याचा निवाडा करण्याचा हा प्रयत्न नाही. पण ज्या सरोवराची अडचणच मुळी मंदावलेल्या पाण्यातून बसणाऱ्या गाळाची आहे, त्याच्या मुखाशी पाणी अडवण्याची योजना करताना तो गाळ कुठे जाणार, याचे उत्तर आधी मागितले गेले पाहिजे, आणि ते उत्तर अभियंत्यांबरोबरच तळ हाताने ओळखणाऱ्या माणसांसमोर दिले गेले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. हांजींना पाण्याच्या प्रत्येक वीतभर फरकाचा हिशेब माहीत असतो. त्यांना सभेला बोलावण्याइतके साधे काम आजवर अपवादानेच झाले असेल.

आणखी एक तातडीचा प्रश्न आहे. तीस वर्षांनी आलेले पीक किती काढायचे? पहिल्या एक-दोन हंगामांत कंद भरमसाट उपटले तर पसरण्यासाठी मागे काही उरणार नाही, आणि काढूच नका म्हटले तर ज्यांनी तीन दशके वाट पाहिली त्यांच्याच तोंडचा घास काढून घेतल्यासारखे होईल. कोणत्या भागात काढायचे, कोणता भाग बीजासाठी राखायचा, हे गावांनी आपापसात ठरवण्याची रीत पूर्वी पीक असताना होती तशी पुन्हा घालावी लागेल, आणि त्यासाठी ती रीत आठवणारी म्हातारी माणसे अजून आहेत तोवरच ते केलेले बरे.

उपशाचे काम झालेल्या भागाच्या वरच्या अंगाला एरिन आणि मधुमती पूर्वीसारख्याच उतरतात. एप्रिलमध्ये हरमुखवरचे बर्फ वितळू लागले की त्यांचे पाणी मातकट होते, आणि ते जिथे सरोवराला मिळते तिथे निळसर पाण्यात तपकिरी पट्टा काही अंतरापर्यंत वेगळा दिसत राहतो. त्याच सुमारास, उपसलेल्या भागात, तळातल्या कंदांना नवे कोंब फुटू लागलेले असतात.